पिकअपच्या केबिनसाठी स्वतःचा बेस बॉक्स: जागा मोजण्यापासून गेन लावण्यापर्यंत

नवीन पिकअप पासिंग होऊन हातात आली की पहिल्याच रविवारी आपली पोरं पुण्याची नाना पेठ गाठतात, बारा इंची वूफर (बेसचा, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर) वाजवून बघतात, दुकानात तो जबरदस्त वाजतो, त्याच्यासोबत तयार बॉक्स आणि अँप (अँप्लिफायर, आवाजाची ताकद वाढवणारा) घेतात आणि गाडीपाशी आल्यावर कळतं की सिंगल केबिनमध्ये हा बॉक्स ठेवायचा कुठे. माझं पण असंच झालं होतं. मी नारायणगावहून टोमॅटो भरून मार्केटयार्डला येतो, दिवसातले सहा-सात तास केबिनमध्येच जातात, म्हणून गाणी चांगली वाजली पाहिजेत एवढीच इच्छा होती. तो तयार बॉक्स बसवायला सीट चार इंच पुढे घ्यावी लागली, गुडघे स्टेअरिंगला लागायला लागले, आणि बॉक्स होता एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), एका जुलैमध्ये खालची कड फुगून भाकरीसारखी झाली. नंतर मी भोसरीतल्या एका सुतार मित्राच्या गाळ्यात बसून स्वतः बॉक्स बनवला, त्याला आता तीन पावसाळे झाले. ते कसं केलं ते नवीन लोकांसाठी सगळं क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. वूफर आधी घ्यायचा नाही. आधी जागा मोजायची, जागेवरून बॉक्सचे लिटर काढायचे, लिटरवरून वूफर निवडायचा आणि वूफरवरून अँप. बाजारात सगळे उलटं करतात आणि म्हणूनच पैसे घालून नुसती धडधड मिळते.

गाडी १२ व्होल्टची का २४ ची

छोटा हत्ती, पिकअप या वर्गातल्या गाड्या १२ व्होल्टच्या असतात. मोठे सहाचाकी, दहाचाकी ट्रक २४ व्होल्टचे, तिथे १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. कारचा अँप १२ व्होल्टचा असतो, तो २४ ला लावला तर जळणार. मग काही वायरमन काय करतात तर दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून देतात, वाजतं पण मस्त, पण ती एक बॅटरी रोज उतरत राहते आणि तिच्यासोबतची दुसरी जास्त चार्ज होत राहते, थोड्या महिन्यांत दोन्ही जातात. हे कधीच करू देऊ नका. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावायचा आणि तो किती अँपिअरचा आहे ते बघायचं, १० अँपिअरच्या कन्व्हर्टरवर मोठा अँप चालत नाही. मोठ्या ट्रकवाल्यांनी सरळ छोटा अंडरसीट अॅक्टिव्ह वूफर (सीटखाली बसणारा, आतच अँप असलेला) घ्यावा असं माझं मत आहे, कन्व्हर्टर लहान लागतो आणि झोपायचा बर्थ पण मोकळा राहतो. खालचं सगळं मी १२ व्होल्टच्या पिकअपसाठी लिहितोय.

छोट्या केबिनचा फायदा समजून घ्या

बऱ्याच जणांना वाटतं केबिन छोटी म्हणजे बेस कमी. उलट आहे. ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनांच्या) आवाजाची एक लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते आणि आपली केबिन दीड-दोन मीटरची, म्हणजे ती लाट आत मावतच नाही. मग वूफर काय करतो, तर आतली सगळी हवा एकदम दाबतो आणि सोडतो, सायकलच्या पंपासारखं. त्यामुळे साधारण ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खाली जसजसे जाल तसतशी केबिन स्वतःच बेस वाढवत जाते. कागदावर ही वाढ दर ऑक्टेव्हला (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की) १२ डेसिबल, प्रत्यक्षात पत्रा हलतो, काचेच्या फटीतून हवा जाते म्हणून थोडी कमी मिळते.

आता गंमत बघा, बंद म्हणजे सील्ड बॉक्सचा बेस एका ठराविक फ्रिक्वेन्सीच्या खाली दर ऑक्टेव्हला १२ डेसिबलनेच उतरतो. तिकडे बॉक्स उतरवतो, इकडे केबिन चढवते, आणि दोन्ही मिळून खालपर्यंत बऱ्यापैकी सपाट बेस मिळतो. म्हणून सिंगल केबिनला सील्ड बॉक्सच करा. पोर्टवाला (हवा बाहेर जायला पाइप ठेवलेला) बॉक्स मोठा लागतो, पोर्टला पण जागा लागते, आणि एवढ्याशा केबिनमध्ये त्याचा बेस एकाच सुरावर घुमतो, तबला आणि ढोल एकसारखेच वाटायला लागतात. डबल केबिनवाल्यांकडे जागा असेल आणि बाहेर उभं राहून पण ऐकायचं असेल तर पोर्टेड ठीक आहे, त्याचं पण गणित पुढे दिलंय.

जे.ए. हॉफमन नावाच्या इंजिनिअरचा एक जुना नियम आहे, स्पीकर बनवणारे सगळे तो मानतात. छोटा बॉक्स, खोल बेस आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, या तीनपैकी दोनच मिळतात. आपल्याला बॉक्स छोटाच हवा आणि बेस खोल हवा, म्हणजे अँपची पॉवर थोडी जास्त द्यायची. दुकानदार तिन्ही मिळतील म्हणाला तर तिथून निघा.

मोजमाप

सीट पुढे करा, मागचं सगळं सामान काढा. बऱ्याच पिकअपमध्ये जॅक, पाना, टॉमी सीटमागे किंवा सीटखाली असतं, त्याची दुसरी जागा आधी ठरवा, कारण मोशी टोलच्या पुढे भर पावसात पंक्चर झाल्यावर बॉक्स खोलून जॅक काढायचा म्हणजे फार त्रास होतो. काही गाड्यांत बॅटरी पण सीटखाली असते, तिच्या वर हात जाईल एवढी मोकळी जागा ठेवायचीच.

मग सीट तुम्ही चालवताना जिथे ठेवता तिथे आणा, पाठ पण नेहमीच्या कलावर, आणि मोजा. सीटची पाठ मागे कललेली असते म्हणून खाली जागा जास्त आणि वर कमी मिळते, म्हणजे बॉक्स पाचरीसारखा होणार. माझ्या गाडीत मागच्या पत्र्यापासून सीटपर्यंत खाली २५ सेंटीमीटर आणि वर १७ आलं. त्यातले पाच-पाच सेंटीमीटर सोडले कारण वूफरचं तोंड सीटकडे आहे आणि त्याच्या कोनला (समोरच्या हलणाऱ्या पडद्याला) पुढे यायला जागा लागते, हवेला बाहेर पडायला जागा लागते. म्हणजे बॉक्स खाली २० आणि वर १२ सेंटीमीटर जाड, उंची ३६, लांबी १००.

इथे एक काम करा जे बहुतेक लोक आळसाने टाळतात. फ्रिजचा किंवा टीव्हीचा खोका घ्या आणि त्या मापाचा पुठ्ठ्याचा बॉक्स चिकटपट्टी लावून बनवा, आणि तो दोन-तीन दिवस सीटमागे ठेवून गाडी चालवा. सीटबेल्ट अडतोय का, पाठ टेकतेय का, क्लीनर बाजूला बसल्यावर त्याची सीट कुठे लागतेय का, सगळं कळतं. मी पुठ्ठा ठेवला तेव्हा कळलं की डाव्या बाजूला सीटबेल्टची रीळ अडतेय, म्हणून माझी लांबी ११० वरून १०० केली. प्लाय कापल्यावर हे कळलं असतं तर अर्धी शीट वाया गेली असती.

लिटर काढणे

बाहेरचं माप आणि आतलं माप वेगळं, इथे नवीन माणूस हमखास चुकतो. प्लाय १८ मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंचा मिळून ३.६ सेंटीमीटर वजा करायचा. लांबी १०० ची झाली ९६.४, उंची ३६ ची ३२.४. जाडी वर १२ खाली २०, म्हणजे सरासरी १६, त्यातून ३.६ गेले की १२.४. तिघांचा गुणाकार साधारण ३८,७०० घन सेंटीमीटर, भागिले हजार केलं की ३८.७ लिटर. आता आत वूफरचं मॅग्नेट आणि बास्केट (धातूचा सांगाडा) बसणार त्याची जागा, शॅलो म्हणजे कमी खोलीच्या दहा इंचीची मी सव्वादोन लिटर धरली, आणि आधाराच्या पट्ट्यांचा एक लिटर, राहिले साधारण ३५ लिटर. कंपन्यांच्या कागदावर घनफूट लिहिलेलं असतं, एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणजे आपला बॉक्स सव्वा घनफुटाचा.

आता वूफर

वूफरच्या खोक्यात एक कागद येतो त्यावर आकडे असतात, त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे गणित मांडलं, त्याच्या आधी बॉक्स बनवणं म्हणजे बरंचसं अंदाजाचंच काम होतं. ज्या वूफरसोबत हे आकडे येत नाहीत तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, कारण त्याला बॉक्स कुठला द्यायचा हे कुणीच सांगू शकत नाही. खोक्यावर लिहिलेले २००० वॅट, ३००० वॅट हे मॅक्स वाले आकडे सोडून द्या, आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट, किती आहेत ते बघा.

आपल्याला तीन आकडे पुरतात. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत वूफर ज्या फ्रिक्वेन्सीला स्वतःहून डोलतो ती. व्हीएएस म्हणजे जेवढ्या हवेची स्प्रिंग त्याच्या सस्पेन्शनएवढी कडक असते तेवढे लिटर. आणि क्यूटीएस म्हणजे तो डोलल्यावर किती लवकर थांबतो त्याचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोटर (मॅग्नेट आणि त्यातलं तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल) जास्त ताब्यात ठेवते.

समजा एक दहा इंची आहे, एफएस ३२, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ३० लिटर. बॉक्समध्ये बसवल्यावर त्याचा क्यू वाढतो, त्याला क्यूटीसी म्हणतात, आणि तो ०.७ च्या आसपास आला तर बेस सपाट आणि घट्ट मिळतो. गणित असं: व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात एक मिळवा, त्याचं वर्गमूळ काढा, त्याला क्यूटीएसने गुणा. ३० लिटरचा बॉक्स दिला तर ३० भागिले ३० एक, अधिक एक दोन, वर्गमूळ १.४१, गुणिले ०.५ म्हणजे ०.७. बरोब्बर. तोच वूफर १५ लिटरमध्ये कोंबला तर ०.८७ येतो, बेस थोडा फुगलेला आणि ४५ ऐवजी ५५ हर्ट्झलाच उतरायला लागतो. आपल्या ३५ लिटरमध्ये ०.६८, उत्तम. वर्गमूळाचं बटण मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये असतंच, आणि घरी कॉम्प्युटर असेल तर विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आकडे टाकले की वेगवेगळ्या मापांच्या रेषा एकमेकांवर ठेवून बघता येतात.

सील्ड बॉक्सला क्यूटीएस ०.४ ते ०.६ च्या आसपासचा वूफर सोपा जातो, ०.३ च्या खालचे पोर्टसाठी बरे. आणि खोली बघा, माउंटिंग डेप्थ. शॅलो वूफर आठ-नऊ सेंटीमीटरमध्ये बसतात. पाचरी बॉक्समध्ये मधोमध मोजायचं, माझ्याकडे पुढच्या प्लायच्या तोंडापासून आतल्या मागच्या प्लायपर्यंत १४ च्या वर होते, म्हणजे मॅग्नेटच्या मागे पाच सेंटीमीटर मोकळे. बऱ्याच वूफरच्या मॅग्नेटला मागे भोक असतं त्यातून तो श्वास घेतो, ते प्लायला चिकटलं तर फुसफुस आवाज येतो आणि कॉइल तापते.

ड्युअल कॉइलचा वूफर घेत असाल तर ओहमचा विचार आधी करा. चार-चार ओहमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये आठ होतात, पॅरलल केल्या तर दोन. दोन-दोनच्या असतील तर चार किंवा एक. अँप किती ओहमपर्यंत चालतो ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, त्याच्या खाली गेलात तर तो तापून बंद पडतो.

पोर्टवाल्यांसाठी सांगतो. गोल पाइपचा व्यास सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, २३,५६२ ने गुणा, मग ट्यूनिंग फ्रिक्वेन्सीचा (पोर्ट ज्या सुरावर लावायचा त्याचा) वर्ग गुणिले बॉक्सचे लिटर याने भागा, आणि आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करा. ५० लिटरचा बॉक्स ३५ हर्ट्झला लावायचा आणि पाइप आतून १० सेंटीमीटरचा असेल तर लांबी ३१ सेंटीमीटर येते. नळाच्या दुकानातला चार इंची पीव्हीसी पाइप चालतो पण आतला व्यास स्वतः मोजा, नावावर जाऊ नका. पाइपचे स्वतःचे लिटर बॉक्समधून वजा करायचे, आणि त्याच्या आतल्या टोकासमोर निदान व्यासाएवढी जागा मोकळी पाहिजे.

प्लाय आणि कापाकापी

कारच्या डिकीत एमडीएफ चालतो, आवाजाला तो खरंच चांगला आहे, पण पिकअपच्या केबिनमध्ये नाही. आपल्याकडे जूनपासून ओले बूट, ओला रेनकोट, दाराच्या रबरातून येणारं पाणी, सगळं सीटमागेच जातं. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन प्लाय मागा, त्याच्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो. कडेने बघा, थरांमध्ये पोकळ फट दिसली तर नको, ती फट बेसवर शिट्टीसारखी वाजते. या बॉक्सला आठ बाय चारची अर्धी शीट पुरते, बऱ्याच दुकानांत शेजारीच कटिंग मशीन असतं, तिथेच कापून घ्या, घरी हाताने एवढ्या सरळ कडा येत नाहीत.

कटलिस्ट देताना हे लक्षात ठेवा की पुढची फळी तिरकी आहे म्हणून तिची उंची ३६ नाही, ३६.९ येते, आणि वरखालच्या कडेला साडेबारा अंशाचा कोन द्यावा लागतो. सुताराला आकडा सांगण्यापेक्षा बाजूच्या चौकटीचा पुठ्ठा कापून दाखवा, त्याला लगेच कळतं. दोन बाजूच्या फळ्या एकावर एक ठेवूनच कापायच्या, म्हणजे दोन्ही हुबेहूब येतात आणि बॉक्स पिळला जात नाही.

वूफरचं भोक दहा इंची म्हणून दहा इंचाचं पाडू नका. कटआउटचा व्यास कागदावर असतो आणि तो बराच कमी असतो. राउटर असेल तर उत्तम, नसेल तर जिगसॉने हळू, रेषेच्या आतून, आणि मग कानशीने घासत रेषेपर्यंत या.

जोडताना आधी कोरडंच उभं करून गुण्या लावून बघा. मग फेव्हिकॉलचा वॉटरप्रूफ डिंक भरपूर, दोन्ही कडांना, शिकंजे लावा, दर दहा-बारा सेंटीमीटरला बारीक ड्रिल मारून स्क्रू. ड्रिल न मारता स्क्रू घुसवला तर प्लायचे थर फाटतात. स्क्रू फक्त डिंक सुकेपर्यंत धरायला आहेत, खरी ताकद डिंकाची, म्हणून रात्रभर हात लावायचा नाही. आत मधे दोन उभ्या पट्ट्या पुढच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत, मोठी भोकं पाडून, म्हणजे हवा इकडून तिकडे जाते. लांब फळीला आधार नसला तर ती स्वतःच ढोलाच्या पानासारखी थरथरते आणि वूफरची अर्धी मेहनत लाकूड हलवण्यात जाते. सगळं सुकल्यावर आतून प्रत्येक सांध्याला डिंकाचा किंवा सिलिकॉनचा जाड थर बोटाने ओढा. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत, निदान एक दिवस, वूफर बसवू नका, ती वाफ धातूच्या भागांना आणि काही डिंकांना चांगली नाही.

लीक तपासायची सोपी रीत, वूफर घट्ट बसवून कोन दोन्ही हातांनी सगळीकडून सारखा हळूच दाबा आणि सोडा. सावकाश वर आला तर बॉक्स घट्ट आहे, पटकन उडून आला तर कुठेतरी फट आहे. मग ३० हर्ट्झचा टोन बारीक आवाजात लावून उदबत्ती सांध्यांजवळून फिरवा, धूर जिथे हलेल तिथे फट. टर्मिनलची प्लास्टिकची वाटी इथे सगळ्यात जास्त दगा देते, तिच्याखाली फोमची पट्टी लावा. आत उशीत भरतात तो फायबर कापूस सैलसर भरला तर बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वागतो, माझ्या बॉक्समध्ये अर्धी उशी आहे.

कार्पेट लावायच्या आधी बाहेरून, खासकरून खालच्या कडांना, सीलरचे दोन हात मारा. मग पुढची पायरी बॉक्स बांधण्याची, आणि याच्यात अजिबात हयगय नको. प्लाय आणि वूफर मिळून हे वजन पंधरा-अठरा किलो होतं, खंबाटकीच्या उतारावर करकचून ब्रेक लागला तर ते सीटसकट तुमच्या पाठीत येणार. एल ब्रॅकेट आणि आठ मिलिमीटरचे बोल्ट, खालच्या पत्र्यातून आरपार, मागून मोठा वॉशर. पत्र्याला भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघा, डिझेलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंगचा गठ्ठा काय आहे तिथे. भोकाच्या कडेला रंग आणि सील लावा, नाहीतर पुढच्या वर्षी गंज.

करंट

माझा अँप ३०० वॅट आरएमएस, क्लास डी (कमी पॉवर वाया घालवणारा) मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा. क्लास डी साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर त्याला ३७५ वॅट लागतात, भागिले १३.८ व्होल्ट म्हणजे २७ अँपिअर. गाणं सतत फुल नसतं, सरासरी याच्या बरीच कमी पडते, पण वायर आणि फ्यूज फुलच्या हिशोबाने. १० स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली, चार मीटर लांबीला फुल लोडवर ०.२ व्होल्टच पडतात. बाजारातल्या स्वस्त रंगीत वायरकिटमध्ये बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं, चाकूने एक तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर तीच. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे तेवढ्याच कामाला जाड घ्यावी लागते.

फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतरावरच, अँपजवळ नाही. फ्यूज अँपला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो, मधे कुठे वायर कापली जाऊन पत्र्याला लागली तर गाडी पेटू नये म्हणून. मी ४० अँपिअरचा लावलाय. फायरवॉलमधून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट पाहिजेच, त्याच्याशिवाय पत्र्याची कड एका महिन्यात इन्सुलेशन खाते.

अर्थची वायर पॉवरएवढीच जाड, अर्ध्या मीटरपेक्षा लहान. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल (वायरच्या टोकाची कडी) दाबून बोल्ट, वरून ग्रीस. इंजिन रेस केल्यावर स्पीकरमधून कुंई आवाज चढतो ना, तो दहापैकी आठ वेळा वाईट अर्थचा असतो. आरसीए वायर (टेपपासून अँपपर्यंत सिग्नल नेणारी) पॉवरच्या उलट्या बाजूने न्या. कंपनीचा टेप (गाडीसोबत आलेला म्युझिक प्लेअर) ठेवायचा असेल तर त्याला आरसीए नसतं, मग हाय लेव्हल इनपुट असलेला अँप घ्या, स्पीकरच्या वायरीच त्याला जोडता येतात.

अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे ते त्याच्या प्लेटवर असतं. हेडलाइट, वायपर, ब्लोअर चालू करून, गाणी लावून बॅटरीवर मल्टिमीटर धरा, इंजिन चालू असताना १३.५ च्या आसपास टिकलं तर काळजी नाही, साडेबाराच्या खाली गेलं तर अँप गाडीला जड होतोय. वायरमनकडे टंग टेस्टर असेल तर खरा करंट पण कळतो.

दाराचे स्पीकर

नुसता वूफर म्हणजे साउंड सिस्टीम नाही. गाणं, आवाज, बासरी, हलगीचा टणत्कार हे सगळं दारातूनच येणार, म्हणून मी पैशाची निम्मी वाटणी दारांना दिली आणि मला ते बरोबर वाटतं. पिकअपच्या दाराचा पत्रा पातळ, बोटाने वाजवला तर डब्यासारखा वाजतो, त्याला ब्युटाइलची डॅम्पिंग शीट रोलरने दाबून लावा. रस्त्याच्या डांबरासारखी स्वस्त शीट असते ती एप्रिल-मेच्या उन्हात वितळते आणि वास मारते, ती नको. दाराच्या आतून पावसाचं पाणी काचेवरून खाली ओघळतं आणि तळाच्या भोकातून बाहेर जातं, ही भोकं शीटने बुजवू नका, आणि स्पीकरच्या मागे वरून एक छोटं छप्पर करा. आतला प्लास्टिकचा कागद फाडून टाकला तर पाणी थेट तुमच्या पायावर येतं.

गेन लावणं

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही. टेपमधून येणारा सिग्नल आणि अँप यांचा मेळ बसवायचा स्क्रू आहे तो. वूफरची वायर काढून ठेवा, बास बूस्ट शून्य, टेपचं इक्वलायझर सपाट, व्हॉल्यूम तीन चतुर्थांश. ५० हर्ट्झचा टोन वाजवा आणि अँपच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. किती व्होल्ट हवेत, तर वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० वॅट आणि ४ ओहमला ३४.६ व्होल्ट. तेवढं येईपर्यंत गेन हळू वाढवा आणि थांबा. याच्यापुढे नेलं तर लाटेचं डोकं कापलं जातं, आवाज फाटतो आणि कॉइल जळते. मी पाहिलेले जळालेले वूफर जवळजवळ सगळे असेच गेलेत.

मग वूफरचा लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, दाराचा हाय पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा) पण ८०. पोर्टेडवाल्यांनी सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) ट्यूनिंगच्या थोडा खाली लावायचाच, कारण पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली गेलं की कोनला हवेचा आधार राहत नाही. फेजचं बटण एकदा शून्य एकदा १८० करून ओळखीचं गाणं ऐका, ज्यात बेस भरीव वाटेल आणि मागून न येता समोरून आल्यासारखा वाटेल ते ठेवा. हे सगळं ड्रायव्हर सीटवर बसून, काचा बंद करून करायचं.

आवाज किती ठेवायचा ते पण सांगतो, कारण कानांचं काही परत मिळत नाही. अमेरिकेतल्या एनआयओएसएच संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप लावून एकदा बघा. आपण दिवसभर गाडीत असतो, मागून अॅम्ब्युलन्स आली तर ऐकू आली पाहिजे. रात्री दहा ते सकाळी सहा, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरच्या आत, बाहेर ऐकू जाईल असा आवाज नकोच, २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत ते आहे. मी पहाटे तीनला मार्केटयार्डच्या गेटवर लाइनीत असतो तेव्हा शेजारच्या गाड्यांत लोक झोपलेले असतात, तिथे वूफर बंदच. त्यासाठी रिमोट वायरमध्ये (अँप चालू-बंद करणारी बारीक वायर) डॅशबोर्डवर एक साधा स्विच टाकलाय, दाबला की अँपच बंद, दाराचे स्पीकर हळू चालू.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट, थिंबल आणि वूफरचे स्क्रू एकदा पान्याने बघा, नवीन लाकूड बसतं आणि ते थोडे सैल होतातच. मेच्या शेवटी बॉक्सच्या खालच्या कडेवरून हात फिरवा, सीलर कुठे सोललं असेल तर पहिल्या पावसाच्या आधी तिथे अजून एक हात मारून घ्या.